टाके बंद कोण करणार

आक्कानं बायकांना टाके घालायला पहिल्याच दिवशी शिकवलं, मग टाके बंद करायला शेवटपर्यंत का नाही शिकवलं?

हा प्रश्न मी दाजींना विचारला. ते म्हणाले, "तिलाच विचारायचा व्हता." सायकल मारत जालन्याला गेलो अन् आक्काला विणकाम शिकवणाऱ्या नर्सबाईंना विचारला. त्या म्हणाल्या, "मी तर तिला दोन्ही एकाच दिवशी शिकवलं होतं." क्लासातल्या बायकांना विचारला, तर त्या उलट मलाच विचारायला लागल्या!

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दाजी बदनापूरच्या स्टेशनात पोर्टर. त्यांच्या क्वार्टरच्या ओट्यावर आक्का दुपारचा क्लास घ्यायची. सात बायका यायच्या. कुणाचं काम पुरं झालं की आक्का म्हणायची, "आण इकडं." मग त्यांच्याकडं पाठ करून बसायची, स्वतः टाके बंद करायची आणि तयार वस्तू हातात ठेवायची. हे असंच तीन हिवाळे चाललं. मार्गशीर्षात आक्का आठ दिवसांच्या तापानं गेली आणि सात जणींची सात कामं सुयांवर लटकून राहिली.

बदनापुरात टाके बंद करता येतात ते आता एकट्या मला. बायकांना ते माहीत होतं. पहिल्यांदा आली सिंधूवहिनी, शेजारच्या क्वार्टरातली, तिकीटबाबूंची बायको. पहिलंच बाळंतपण, आठवा महिना लागलेला. हातात बाळाचा पिवळा स्वेटर. म्हणाली, "बबनभाऊ, एवढं बंद करून द्या. मी माहेरी जाणार हाय."

आक्काला जाऊन तेरा दिवस झाले होते. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "स्वेटर न्हाई म्हणून पोर काही मरत न्हाई!"

असं बोललो. पोटुशी बाईला. ती स्वेटर पोटाशी धरून परत गेली. त्यानंतर दुसरं कुणी विचारायला आलं नाही.

क्लासाचे किस्से मात्र रोज येतात. सायकलच्या दुकानातल्या खोक्यात एक नट शोधायला हात घालावा आणि दुसरेच चार हाताला लागावेत, तसं होतं. आता हातात आलेच आहेत तर ऐका.

* * *

पहिला किस्सा सुयांचा. मी स्टेशनाजवळच्या सायकलच्या दुकानात कामाला आहे. क्लास सुरू करायचा तर सुया पाहिजेत, आणि बदनापुरात सुया कुठल्या? आक्का म्हणाली, "बबन, तुझ्याकडच्या चाकाच्या तारा चालतील की!" दुकानात जुन्या तारा होत्या, पण गंजलेल्या. मला दम कुठला! शाळेच्या मास्तरांची सायकल पंक्चरला आली होती, तिच्या चाकातल्या चार तारा काढल्या, टोकं घासली आणि आक्काला नेऊन दिल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. "बबन, पंक्चर निघालं, पण चाक डुलून राह्यलं रे!"

मी तारा बसवून दिल्या, पण आक्काला राहवलं नाही. तिनं मास्तरांना एक कानटोपी विणून पाठवली. मास्तर खूश! सगळ्यांना दाखवत फिरले. "बाईला काय कला हाय! कशानं विणली असंल?"

मी म्हणालो, "तुमच्याच सायकलीनं, गुरुजी."

* * *

गिरजाकाकू क्लासातली सगळ्यात मोठी. शेतकरीण. पन्नाशीची. हाताला दावी वळायची सवय. तिचे टाके इतके घट्ट, की सुई आत जाईना आणि गेली तर बाहेर येईना.

आक्का म्हणायची, "काकू, बैल बांधायचा न्हाई, मोजा विणायचाय!"

काकू म्हणायची, "सैल बांधलेलं सुटतं, बाई!"

दोन महिन्यांनी तिचा मोजा पुरा झाला. आक्कानं टाके बंद करून तो खाली ठेवला, तर मोजा उभाच राहिला! पायात जाईना. काकूच्या नवऱ्यानं जोर लावला, मुलानं लावला, सुनेनं तर तुपाचं बोट लावून पाहिलं.

आठ दिवसांनी आक्कानं विचारलं, "काकू, मोज्याचं काय केलं?"

"ज्वारी मापते त्यानं. एक दाणा गळत न्हाई!"

* * *

पोपटाचा किस्सा मला अजून चक्रावून टाकतो.

आक्कानं चौकटीच्या कागदावर पोपट काढला. एक चौकट म्हणजे एक टाका. हिरव्या चौकटीला हिरवी लोकर, पांढरीला पांढरी. पोपटाचं तोंड उजवीकडं. सात जणींनी सात पोपट विणले, त्यातल्या सहा पोपटांची तोंडं डावीकडं! फक्त जुबेदाभाभींचा पोपट कागदासारखा बराबर.

गिरजाकाकू म्हणाली, "भाभीनं कागद उलटा धरला असंल."

आक्काही चक्रावली. ती पडली डावखुरी. तिची सुई डावीकडून उजवीकडं चालायची, त्यामुळं तिचा पोपट कागदासारखाच येई. बायकांचा का फिरतो, हे तिला दोन दिवस कळेना. तिनं मला सुद्धा मोजायला बसवलं. चौकटी बरोबर, टाके बरोबर, तोंड चूक!

शेवटी जुबेदाभाभी हसायला लागल्या. "बाई, तुम लोगां डावे बाजूसे पढते. मैं उर्दू पढी सो, सीधे बाजूसे गिनी. सुई बी उधरिच से चलती ना!"

खरंच की! सुई उजवीकडून चालते आणि या सहा जणी चौकटी वाचतात डावीकडून. पोपट फिरणार नाही तर काय?

गिरजाकाकूनं आपला पोपट उचलून बघितला. म्हणाली, "म्हंजी आमचे पोपट मराठी शाळेत गेल्ते!"

* * *

मी कसा शिकलो ते राहिलंच. एकदा मी पॅसेंजरशी शर्यत लावली. गाडी रुळावर, मी सायकलवर. बैलगाडी आडवी आली, मी नाल्यात. पायाला प्लास्टर लागलं आणि महिनाभर आक्काच्या घरी पडलो.

आक्का म्हणाली, "पाय मोडलाय, हात न्हाई. धर सुया." आणि मला टाके घालायला शिकवले, उलट शिकवले, सुलट शिकवले आणि बंदही करायला शिकवले. सगळं एका दुपारी. मला शिकवलं, मग त्यांना का नाही? परत तोच प्रश्न.

एक दिवस दुकानातला दोस्त भेटायला आला. मी घाईनं विणकाम पांघरुणात खुपसलं, पण निम्मं बाहेर.

"बबन, हे काय रे?"

"सायकलची ट्यूब," मी म्हणालो. "लोकरीची. थंडीत आतली हवा गोठू नये म्हणून."

तो गाढव दुसऱ्या दिवशी मालकाकडं लोकरीची ट्यूब मागून राहिला!

* * *

आता सिंधूवहिनीचा किस्सा. ही बाई फार बोलकी. वाटूरच्या माहेरच्या गोष्टी सुरू झाल्या की थांबायची नाही. तिची चूक अशी, की बोलता बोलता लोकर एकदा जास्त सुईवरून फिरायची आणि एक टाका वाढायचा. चाळीस टाके घातलेले, चार ओळींनंतर मोजले तर त्रेपन्न!

"मी न्हाई वाढवले, बाई! तेच वाढले!"

आक्का उसवायची. परत चाळीस. परत वाटूर. परत त्रेपन्न. उसवून उसवून लोकर कुरळी झाली.

शेवटी आक्का म्हणाली, "सिंधू, असंच चालू दे. घेर वाढला की परकर म्हणून नेस!"

पण दिवस गेल्यावर तिनं पिवळी लोकर आणली आणि आक्काला सांगितलं, "हे मला माझ्या हातानं करायचंय. एक बी टाका वाढू देणार न्हाई." तोच तो स्वेटर.

* * *

पौष सरला. मी दुकानात पंक्चर काढत होतो, तर समोरून गिरजाकाकू आली. गळ्यात मफलर. मफलरचं एक टोक छातीवर, दुसरं मागं. मागं म्हणजे कुठं, तर पंधरा पावलांवर तिचे मालक चालत होते, त्यांच्या हातात टोपली. मफलर त्या टोपलीत गेलेला आणि टोपलीतून सुया वर आलेल्या!

मी बघतच राहिलो. "काकू, हे काय?"

"काय करू? बंद करता येईना, अन् रिकामं बसवंना. मंग विणतच राह्यले."

काका टोपली खाली ठेवून म्हणाले, "बबन्या, मला परवा झोपेत हिच्या मफलरचे दोन वेढे पडले गळ्याला. काही तरी कर बाबा!"

आक्का गेल्यापासून मी हसलो नव्हतो. रस्त्यातच खाली बसलो आणि पोट धरून हसलो. मग कसं झालं कळलं नाही, हसणं थांबलं आणि दुसरंच सुरू झालं. काकूनं त्याच मफलरचा मधला भाग माझ्या तोंडावर दाबला. म्हणाली, "चल. ऊठ."

क्वार्टरच्या ओट्यावर बाकीच्या पाच जणी आधीच येऊन बसल्या होत्या. काकूनंच बोलावलेल्या. मी म्हणालो, "मी करून देणार न्हाई. तुम्हीच करायचं. दोन टाके विणा. पहिला टाका दुसऱ्याच्या डोक्यावरून उचला अन् सोडून द्या. एक उरला? परत एक विणा. परत उचला. बस, एवढंच."

जुबेदाभाभी म्हणाल्या, "बस? इत्ताच?"

"इत्ताच."

सहाही जणींच्या सुया चालू झाल्या.

तेवढ्यात दाजी पाणी प्यायला आले. "ह्या समद्या इथं, अन् ती सिंधू तिकडं बाकावर बसलीय. वडील न्यायला आलेत. गाडीनं करमाड केव्हाच सोडलं, सिग्नल दिलाय म्या."

मी पळालो. फलाटावर पोचलो तेव्हा गाडी हललीच होती. एका डब्यात सिंधूवहिनीचं पिवळं लुगडं दिसलं, तिथं उडी मारली.

सिंधूवहिनी खिडकीशी. शेजारी पागोटेवाले वडील. ते म्हणाले, "हा कोण?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ह्यांच्या बहिणीनं मला शिकवलं." वडील सरकून बसले. मी समोरच्या बाकावर बसलो.

"वहिनी, मी त्या दिवशी..." मी हात पुढं केला. "काढा ते."

तिनं पिशवीतून स्वेटर काढला. मी टाके मोजले. साठ. परत मोजले. साठच.

"एक बी वाढला न्हाई," मी म्हणालो.

"बोलले न्हाई ना इतके दिवस."

मी तिला सांगत गेलो, ती करत गेली. आख्खा डबा वाकून बघत होता. लोकरीचा गुंडा बाकाखाली गेला. तेवढ्यात टीसी आला.

"तिकीट!"

"एकतीस," सिंधूवहिनी म्हणाली. "बत्तीस. थांबा हो, मोजणी चुकंल!"

टीसी थांबला. खाली वाकून त्यानं गुंडा उचलला आणि हातात धरून उभा राहिला. लोकर ओढली गेली की थोडी थोडी सोडायचा. असा तो जालन्यापर्यंत उभा होता. जालना आलं तशी त्यानं माझी कॉलर धरली. "तुझं तिकीट न्हाई ते मला कळलंय. उतर!"

मी फलाटावर. सिंधूवहिनीनं खिडकीच्या गजांतून स्वेटर बाहेर धरला. सुई रिकामी, शेवटचा एकच टाका लोंबत होता.

"आता काय करायचं?"

"लोकर तोडायची, अन् तिचं शेपूट ह्या टाक्यातून ओढून घ्यायचं."

"कात्री न्हाई!"

शिट्टी झाली. मी पुढं झालो, गजांना तोंड लावलं आणि दातानं लोकर तोडली.