बाविसावं मिनिट

सोनटक्केकाका कुणाचाही लॅपटॉप बघायला आले, की आधी त्याला उलटा हात लावायचे, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. काय एरर येतोय, कधी अडकतोय, हे आपण सांगत सुटलेलो असायचो आणि काका डोळे मिटून तळाखाली हात धरून बसलेले. “आधी हात लावायचा, मग तोंड उघडायचं,” असं म्हणायचे. अमेरिकेत सांता क्लाराला राहणाऱ्या आम्हा पुणेकरांना नेमकं याच्या उलट जमायचं.

काका नागपूरचे, पन्नाशीला टेकलेले. गेमिंग लॅपटॉप बनवणाऱ्या आमच्या छोट्याशा कंपनीत टेस्टिंगला होते. हुद्द्यानं मी त्यांचा लीड, वयानं त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, म्हणून ते मला नंदू आणि मी त्यांना काका. ती कंपनी आता नाही, काकाही नाहीत. त्यांच्याबद्दल चांगलं सांगणारी माणसं पुष्कळ सापडतील. पण माझ्याइतकं वाईट त्यांच्याशी कुणी वागलं नाही, तेव्हा हे मीच लिहिलेलं बरं.

पहिल्यांदा ते घरी आले ते माझ्याच लॅपटॉपसाठी. मॉडेल आमच्याच कंपनीचं. गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला, की थोड्या वेळानं गाडी वळणावर झटके खायची, आवाज तुटायचा. मी दोनदा विंडोज नव्यानं टाकलं होतं, ड्रायव्हर सॉफ्टवेअर बदललं होतं, अँटिव्हायरसला शिव्या घातल्या होत्या. शनिवारी सकाळी काका आणि काकू पोहे खायला आले. काकांनी उलटा हात लावला आणि विचारलं, “हे अंथरूण कायले घातलं याच्याखाली?” आईनं पाठवलेली गोधडी होती. टेबलाला ओरखडे नकोत म्हणून मी लॅपटॉप रोज प्रेमानं तिच्यावर ठेवत असे. मग त्यांनी स्क्रू काढून वाटीत ठेवले, तळ उघडला आणि पंख्यावरून बोटभर लांबीचा पिवळट, चिकट थर सोलून काढला. त्याचा चक्क वास घेतला.

“नंदू, याच्यात तुझ्या घरची फोडणी आहे बाप्पा. अन् उदबत्तीपण. देवाच्या बाजूले बसवला, तर तोही प्रसाद खाऊन राहिला.”

माझी बायको हसून हसून बेजार झाली. अहो, आमच्या त्या अपार्टमेंटात स्वयंपाकघर आणि हॉल एकच, आणि शेजाऱ्यांना वास जाईल म्हणून आम्ही खिडकी उघडायचो नाही. सगळ्या फोडण्या त्या पंख्यानं ओढल्या होत्या. पंखा साफ झाला, गोधडी कपाटात गेली आणि झटके पुष्कळ कमी झाले. मी शहाणपणानं म्हटलं, की विंडोज टाकल्याचाही फायदा झाला असेल. काका म्हणाले, चार गोष्टी एकदम केल्या तर कशानं बरं झालं हे देवालाही कळत नाही, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आणि जाता जाता दारात थांबून म्हणाले, कमी झालंय, पण गेलं नाही, मला हे बरोबर वाटत नाही.

त्यांना बरोबर वाटलं नाही, की संपलंच. दोन हजार सहा सालचा उन्हाळा होता. गिऱ्हाइकांच्या तक्रारी येतच होत्या की गेम अडखळतो, आणि ड्रायव्हरचा दोष आहे असं आम्ही सगळ्यांना ठोकून देत होतो. काकांनी लॅबमध्ये एक कोरा करकरीत लॅपटॉप घेतला आणि तीन आठवडे त्याच्यापुढे बसले. एक बदल, एक चाचणी, वहीत एक ओळ. मी जाता-येता टोमणे मारायचो, की काका, पगार घेऊन गेम खेळताय, मजा आहे. मग एक दिवस त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली. ड्रायव्हर कुठलाही घाला, विंडोज कुठलंही घाला, बाविसाव्या मिनिटाला तो हटकून अडखळत होता. दिसायला सडपातळ हवा म्हणून आम्ही पंखा लहान बसवला होता. प्रोसेसर तापला, की जळू नये म्हणून आपणच मंद व्हायचा, इतकी साधी गोष्ट.

उपायही साधाच होता. पंखा मोठा करा, पेटी थोडी जाड करा. पण त्यात नाताळचा सीझन हातचा जाणार होता. आमच्या डायरेक्टरनं दुसरा उपाय काढला, की प्रोसेसर ज्या तापमानाला मंद होतो ती मर्यादाच वर सरकवा. झटके बंद. लॅपटॉप वर्षा-दीड वर्षात मेला तर मेला, तोवर वॉरंटी संपलेली असेल. काका मीटिंगमध्ये इंग्रजीत शांतपणे नाही म्हणाले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “ताप आला तर औषध द्यायचं का थर्मामीटर फोडायचं रे? पोरं मांडीवर घेऊन खेळतात हे. मी नाही सही करणार.”

त्यांच्या या नाही म्हणण्याची किंमत मला पक्की माहीत होती. त्यांचा व्हिसा कंपनीच्या नावावर, ग्रीनकार्डाची फाइल कंपनीकडे. मुलगी गौरी पुढच्या वर्षी हायस्कूलच्या शेवटच्या वर्गात जाणारी. सात वर्षं इथे काढलेली, बापाच्या मराठीला इंग्रजीत उत्तर देणारी. नोकरी गेली तर थोड्या दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर तिला उचलून नागपूर गाठायचं. आणि माझीही फाइल त्याच कपाटात होती.

डायरेक्टरनं मला एकट्याला बोलावलं. लीडची सही पुरेशी आहे म्हणाला. कागदावर एक ओळ होती, की चाचणी करणाऱ्याचा कोणताही आक्षेप शिल्लक नाही. मी ती दोनदा वाचली आणि सही ठोकली. काकांना मी हे सांगितलं नाही. निर्णय परस्पर वरून झाला असं त्यांना वाटलं, आणि मी मूग गिळून ते तसंच वाटू दिलं. वर त्यांच्याबरोबर बसून वरच्या लोकांना नावंही ठेवली. लाज कशी वाटली नाही, हे आज मलाच कळत नाही.

नाताळ जोरात गेला. फेब्रुवारीत कंपनीची ‘पुनर्रचना’ झाली आणि तीत आमच्या टीममधलं एकच नाव निघालं. काकांनी खोका भरला, सगळ्यांशी हात मिळवले. आठ दिवसांत त्यांना दुसऱ्या कंपनीत मुलाखत मिळाली, ती उत्तम झाली, आता फक्त जुन्या कंपनीतल्या कुणाचा तरी शब्द हवा होता. त्यांनी माझं नाव दिलं.

फोन आला तो शुक्रवारी दुपारी, मी गाडीत होतो. समोरची बाई सभ्य होती. तिनं एकच मुद्द्याचं विचारलं, की या माणसाच्या रिपोर्टवर तुम्ही डोळे मिटून विश्वास ठेवाल का? हो म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला, मग काढलं कशाला? आणि त्याच्या पुढे माझी सही. मी मग म्हणालो, माणूस कष्टाळू आहे, पण एकदा एखाद्या गोष्टीला धरून बसला की सोडत नाही, टीमला जड जातं. तिनं आभार मानले.

एप्रिलमध्ये काकांचा एअरपोर्टवरून फोन आला. सामान चेक-इन झालं होतं. गौरी दोन दिवस कुणाशी बोललेली नाही, म्हणाले, बारावी तिथे कशी करणार देव जाणे. मग आवाज सावरून म्हणाले, “त्या कंपनीचं कुठं अडलं काही समजलं नाही बाप्पा. मी त्यांना म्हटलं होतं, कोणाले नाही विचारलं तरी चालेल, नंदूले विचारा, तो खरं ते सांगेल. तुले उगाच माझ्यापायी त्रास झाला.”

सांगायचं असतं तर तेव्हाही सांगता आलं असतं.

“नाही हो काका, त्रास कसला,” मी म्हणालो.

आणि खरंच, काही त्रास झाला नव्हता. चार मिनिटांचा फोन होता.