मुशीचं कातडं आणि देहदानाचा फॉर्म

"मुलाची सही नाही, मावशी. फॉर्म घेता येणार नाही."

"मग माझी दोनदा घ्या."

सारसोळ्याच्या चंद्राबाई माझ्या टेबलासमोर बसल्या होत्या. सत्तरीच्या आसपास वय, चाळीस वर्षं मार्केटात मासळी विकलेली. मी मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी, म्हणजे शरीररचना शिकवते. देहदानाचे फॉर्मही माझ्याकडेच येतात. दान केलेल्या देहावर फर्स्ट इयरची मुलं शिकतात. फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाची सही लागते, कारण शेवटी आम्हाला फोन त्यानेच करायचा असतो. त्याने केला नाही, तर फॉर्म नुसता कागद.

"मुलगा काय म्हणतो?"

"बोलतो, आयेला कापाया देनार नाय. मी बोलले, चाळीस वर्सं मी कापलाय, आता माझा नंबर."

"पण कशाला?" हे विचारावंच लागतं. कोणाच्या सांगण्यावरून आलंय का, ते कळतं.

"जलली का राख. ती कोनाच्या कामाची? पोरं शिकतील तर बरा."

तेवढ्यात फर्स्ट इयरची रिया फर्स्ट-एड बॉक्स मागायला आली. बोटाला रुमाल गुंडाळलेला. स्कॅल्पेल, म्हणजे आमची सुरी, लागली होती. त्या आठवड्यातली ही तिसरी.

"कशी धरलेलीस गो?" चंद्राबाईंनी टेबलावरचं पेन तिच्या हातात दिलं. रियाने ते जीव खाऊन आवळलं. चंद्राबाईंनी तिच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि फॉर्म पिशवीत घातला.

"हा हात माझ्यावर फिरवनार? मी तं साधा बोंबील पन हिच्या हाती देनार नाय."

वीस वर्षांत फॉर्म मागे घेणारे बरेच पाहिले. कोणी देवाला घाबरून, कोणी सुनेला. विद्यार्थ्यांना नापास करून मागे घेणाऱ्या ह्या पहिल्याच.

पण त्यांचं बरोबर होतं. आमच्याकडे पहिलं काम कातडी सोडवण्याचं. चीर फक्त कातडीपुरती द्यायची, कारण लगेच खाली बारीक मज्जातंतू असतात. मुलं दाबून कापतात, मज्जातंतू तुटतात, आणि जे तुटलं ते कोणालाच बघायला मिळत नाही.

"मावशी, तुम्ही मुशी सोलता ना?" मी विचारलं. मुशी म्हणजे छोटा शार्क. तिचं खरखरीत कातडं मांस न तोडता ओढून काढावं लागतं.

"डोले मिटून."

मुलांना मुशीवर हात बसवून द्यायला त्या तयार झाल्या. डीनसरांना पटवायचं बाकी होतं. "डिपार्टमेंटमध्ये मासळी? वास येईल."

"सर, आमच्या फॉर्मॅलिनच्या वासामुळे तुम्ही आजवर एकदाही फिरकला नाहीत."

त्यांनी लेखी प्रपोझल मागितलं. 'रिसोर्स पर्सन'च्या क्वालिफिकेशनसमोर मी 'चाळीस वर्षं प्रॅक्टिस' असं लिहिलं. खोटं नव्हतं. मंजूर झालं.

शनिवारी डेमो रूममध्ये सहा मुश्या आल्या. पाट्या उचलायला चंद्राबाईंचा मुलगा जितेंद्र आलेला. तो द्रोणागिरीला एका वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर आहे. आल्या आल्या म्हणाला, "मॅडम, मासळी आनलीय. सही नाय करनार."

"मागितली नाही," मी म्हटलं.

चंद्राबाई टेबलाटेबलावर फिरत होत्या. "दाबतेस कशाला? सुरीला धार हाय, तिचा काम तिला करू दे. तू कातडा वढ." पहिल्या तासात बहुतेक कातड्यांची चाळण झाली. सगळ्यात अख्खं कातडं निघालं ते जन्मात अंडंसुद्धा न खाल्लेल्या मुलीचं. "बगा," चंद्राबाई म्हणाल्या, "ही खात नाय, म्हनून तिला घाई नाय."

जितेंद्र भिंतीला टेकून उभा होता. अर्ध्या तासाने तोही ओरडायला लागला, "ए, अंगठा मागे घे!" शेवटी टेबलं धुताना त्याने हळूच विचारलं, "मॅडम, आयेचा पन असाच करनार? हलू हलू?"

"हो. एका देहावर जवळजवळ वर्षभर शिकवतो आम्ही."

"वर्सभर? मंजे मेल्यावर पन आय ड्युटीवर?"

"नि तुला सुट्टी," चंद्राबाई म्हणाल्या.

तो हसला नाही. हात पुसले आणि म्हणाला, "फॉर्म काड."

त्याने सही केली, पण फॉर्म मला मिळाला नाही. रियाने एक मुशी भोक न पाडता सोलेपर्यंत देणार नाही, असं चंद्राबाईंनी जाहीर केलं. त्याला दिवाळी उजाडली. आता दर नव्या बॅचला त्या येतात, ठणठणीत आहेत, आणि त्यांच्या परवानगीशिवाय मी कोणाच्या हातात स्कॅल्पेल देत नाही.

देहदानाला येणारा प्रत्येक जण विचारतो, मी गेल्यावर माझा उपयोग होईल ना? होतो. पण फॉर्म पुढे करण्याआधी आता मी विचारते, तुम्हाला येतं काय? मागच्या महिन्यात कोपरखैरण्याचे एक रिटायर्ड शिंपी आले होते. फॉर्म नंतर भरू म्हटलं. आधी त्यांना मुलांना टाके घालायला शिकवायला बसवलं.