जुन्या गावाचं हवामान

आधी कबुली देते. या पेजवरचे भुताखेतांचे अनुभव वाचून मी आजवर हसतच आलेय. आमच्या सांगवीच्या रस्त्याला, कॅनॉलपाशी, पांढऱ्या साडीतली बाई उभी असते म्हणून माझ्या नवऱ्याचा मित्र आठ दिवस तापाने झोपला होता. मी भर दुपारी स्कूटी घेऊन बघायला गेले, तर बाभळीला खताची फाटकी गोणी अडकलेली. ती मीच ओढून काढली. तेव्हापासून आमच्याकडे कुणी असलं काही सांगायला लागलं की नवरा हळूच म्हणतो, हिच्यासमोर नको.

त्यात माझा धंदाही तसलाच. बारामतीत एका लहानशा कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते – सकाळी कॉलेजची मुलं, दुपारी गृहिणी. मशीन जे काही करतं ते कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं, हे मी प्रत्येक बॅचला पहिल्याच दिवशी ऐकवते. आणि आज मलाच इथे येऊन लिहावं लागतंय... तेही माझ्या मावशीबद्दल. मावशी अडीच वर्षांची आहे, आणि गेल्या हिवाळ्यापर्यंत मला ती होती हेसुद्धा माहीत नव्हतं.

थोडं तांत्रिक सांगावं लागेल, कंटाळू नका. कुकीज म्हणजे काय ते मी क्लासमध्ये केसपेपरावरून समजावते. तुम्ही एखादी वेबसाइट उघडता, तेव्हा ती तुमच्या ब्राउझरमध्ये एक चिठ्ठी ठेवून जाते. पुढच्या खेपेला तीच चिठ्ठी वाचते – हा अमुक नंबरचा पेशंट, मराठीत वाचतो, गाव बारामती. दवाखाना तुम्हाला ओळखत नाही, तुमच्या हातातला केसपेपर ओळखतो. इथवर सोयीचंच आहे. पण एकच कंपाउंडर दहा दवाखान्यांत बसलेला असतो, आणि तो तुमच्या सगळ्या कागदांवर आपला शिक्का मारून ठेवतो. मग तुम्ही सकाळी कुठेतरी गुडघ्याचं तेल बघितलंत, की संध्याकाळी बातम्यांच्या पानावरही गुडघेच गुडघे. म्हणून खाली ती पट्टी येते ना, ‘सर्व स्वीकारा’ वाली, ती डोळे मिटून दाबायची नाही. नाकारायची. अधूनमधून सगळा डेटा पुसायचा. केसपेपर फाडला की तुम्ही त्या दवाखान्याला नवे पेशंट.

हे सगळं जगाला शिकवलं, फक्त आईला शिकवता आलं नाही.

आई निरवांगीला असते. वडील गेल्यापासून एकटीच, मी रविवारी जाते. तीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. गावातल्या निम्म्या माणसांचं पहिलं वजन तिने केलंय, आणि आता मिशा फुटलेल्या बाप्यांनाही ती तेवढ्याच मायेने कुपोषित म्हणते. फोन नीट वापरते. फक्त पट्टी आली की ‘सर्व स्वीकारा’. मी चिडायचे. ती शांतपणे म्हणायची, “दारात हुबं ऱ्हाऊन इचारतंय ते, येऊ का म्हणून. त्येला न्हाय कसं म्हणायचं?”

गेल्या वर्षी डिसेंबरातला रविवार. सकाळचे आठ-सव्वाआठ झाले असतील. आई ओट्यावर उन्हात चहा घेत फोन बघत होती. बघता बघता स्वतःशीच म्हणाली, आज तितं लई गारठा हाय. तितं म्हणजे कुठं म्हणून मी वाकून पाहिलं. साधं हवामानाचं पान होतं – तापमान, वारा, ढगाचं चित्र. वर गावाचं नाव, आणि ते नाव आईच्या माहेरचं.

आता आईचं माहेर म्हणजे भीमेच्या काठचं, इंदापूर तालुक्यातलं एक गाव. ती दहा वर्षांची असताना ते उजनीच्या पाण्याखाली गेलं. लोक वर माळावर येऊन वसले, त्या नव्या वस्तीला दुसरंच नाव पडलं. पानावरचं नाव जुन्या गावाचं होतं. ते मी मुद्दाम देत नाहीये, कारण तुमच्यातले निम्मे लगेच शोधायला बसतील. शोधू नका, सापडत नाही. मी शोधलंय.

आईला विचारलं, हे आलं कुठून? ती म्हणाली, पानानं एक दिवस गाव विचारलं, मी सांगितलं. खाली यादी आली, त्यात होतं, दाबलं. मी माझ्या लॅपटॉपवर तेच पान उघडलं. यादीत तसं गाव नव्हतं. पानाच्या वेब-पत्त्यात ठिकाणाचा एक नंबर असतो, तो आईच्या फोनवरून जसाच्या तसा टाइप केला, तर ‘ठिकाण सापडले नाही’. नवऱ्याच्या फोनवर बारामती, शेजारच्या काकूंच्या फोनवर निरवांगी. फक्त आईच्या फोनवर ते गाव. पाण्याखाली गेलेलं, तेरा अंश, वारा मंद. इंदापूरपेक्षा कायम तीन अंशांनी थंड.

मला राग आला. भीती नाही, रागच – माझ्या विषयात मला न कळणारं काही असू शकतं याचा. म्हटलं चुकीची कुकी बसलीये, आणि आईला न विचारता सगळा डेटा पुसून टाकला. आईने चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. “पुसलंस व्हय,” एवढंच म्हणाली, आणि कपबशी उचलून आत गेली. दिवसभर धड बोलली नाही. मला आपलं काय चुकलं तेच कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन. “आलं गं परत. आज अकरा हाय.” आवाजात असा आनंद, की कुणी पाहुणा सुखरूप पोचल्याचं सांगतेय.

पुढच्या रविवारी तिला समोर बसवलं आणि विचारलं, तुला तिथल्या थंडीची एवढी काळजी का? तेव्हा तिने सांगितलं. तिला एक धाकटी बहीण होती. यशोधरा. घरातलं पहिलं नव्या वळणाचं नाव म्हणून आजोबांना त्याचं भारी कौतुक, पण सगळे म्हणायचे यशी. गाव उठायच्या आदल्या वर्षी तापाने गेली. लहान मुलांना पुरतात, तसं तिला ओढ्यापलीकडे चिंचेखाली ठेवलं. मग धरणाचं पाणी येणार म्हणून गाव हललं. लोकांनी घराच्या चौकटीसुद्धा उपटून बैलगाडीत घातल्या.

“आई म्हणली, आपुन उंबरा बी न्हेतोय,” माझी आई सांगत होती. “हिलाच कसं न्यायचं?”

आजी-आजोबा कधीच गेले. यशीचा फोटो नाही, दाखला नाही, कुठल्या कागदावर नाव नाही. गावभरातल्या पोरांची नावं तीस वर्षं रजिस्टरात लिहिणाऱ्या माझ्या आईने हे एक नाव कधी कुठे लिहिलं नव्हतं. लिहायला रकानाच नव्हता म्हणाली. आणि आता तिच्या हृदयाची झडप बदलायची होती, जानेवारीतली तारीख मिळाली होती. “माझं काय बी हूं दे,” ती म्हणाली. “पर मी गेले तर तिला इचारणारं कोण? गारठा हाय का, पाऊस हाय का... कोण इचारणार?”

मी रडले. इथे लिहायला लाज कसली?

आईला ऑपरेशनच्या आधी एकदा तिथे जायचं होतं. मी आधी नाहीच म्हटलं – थंडी, होडी, तुझं हृदय. पण सगळ्या जगाला हो म्हणणाऱ्या बाईने पहिल्यांदा स्वतःहून काही मागितलं होतं. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, दमवू नका, गरम कपडे घाला. जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही दोघी निघालो.

बॅकवॉटरवर पोचलो तेव्हा सूर्य वर आला होता, पण धुक्यात तो नुसता पिवळा डाग. होडीवाले तात्या, वय साठीच्या पुढे, मासेमारी करणारे. आईने त्यांना गावाचं नाव सांगितलं. जुनं गाव कुठंय ते आम्हाला जाळं सांगतं म्हणाले, तिथल्या झाडांच्या बुंध्यांना ते अडकतं. मग इंजिन सुरू केलं आणि काठ मागे गेला.

तो प्रवास किती वेळाचा होता ते मला आजही सांगता येत नाही. धुक्यामुळे पाणी कुठे संपतं, आभाळ कुठे लागतं कळत नव्हतं. डावीकडे अग्निपंखांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा उभा होता, इतका स्तब्ध की मला तो आधी काठच वाटला. आई एकेक खूण सांगत होती, दिसत काहीच नसताना – ही वेस, हे तालमीचं आवार, आता उतार, आता ओढा. आणि तात्या, तिने न सांगता, तिच्या बोटाबरोबर होडी वळवत होते. मी माझ्या आईच्या गावातून चालले होते, लोकांच्या ओट्यांवरून, चुलींवरून... आणि मला त्यात काहीच विचित्र वाटत नव्हतं. एका जागी आई म्हणाली, “चिच.” तात्यांनी इंजिन बंद केलं.

थंडी अशी की दात वाजत होते. आईच्या फोनला रेंज नव्हती, तरी सकाळी उघडलेलं पान तसंच होतं – नऊ अंश. आईने हात पाण्यात घातला. “यशे, मी आलीया गं,” म्हणाली, अगदी सहज, शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असावं तशी. मग माझ्याकडे वळली. “तू बी हाक मार. मावशी हाय तुझी.”

मी अडतिसाव्या वर्षी, परक्या माणसासमोर, अडीच वर्षांच्या पोरीला मावशी म्हणून हाक मारायची? मी तात्यांकडे पाहिलं. ते मान फिरवून दोर गुंडाळत होते. मग मीही हात पाण्यात घातला आणि म्हटलं, मावशी, मी वंदना. शकूची मुलगी.

झालं ते एवढंच. पाणी कोमट होतं. हिवाळ्यात सकाळी हवेपेक्षा पाणी उबदार लागतं, शाळेत शिकलेय मी, मला कुणी सांगू नका. पण ती ऊब हातातून वर आली, मग आजूबाजूच्या हवेतही आली. धुकं तसंच होतं, वारा तसाच होता, आणि मी स्वेटरची बटणं काढत होते. आईने शाल खाली ठेवली. तात्यांनी कानाचा मफलर सोडला, आमच्याकडे न बघता. थोड्या वेळाने त्यांनी इंजिन चालू केलं, आणि होडी हलल्यावर थंडी परत आली. काठावर उतरताना मी त्यांना विचारलंच, असं नेहमी होतं का? ते म्हणाले, “चाळीस वर्सं जातोय तितनं. आजच बघितलं.” एवढं बोलून ते जाळी झटकायला लागले.

चार दिवसांनी बारामतीत आईचं ऑपरेशन झालं. नीट झालं म्हणाले, पण दोन दिवस आयसीयूत, फोन आत न्यायचा नाही. तिचा फोन माझ्या पर्समध्ये होता, चार्जिंग संपून बंद पडलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची भेटायची वेळ होती. मी बाहेर बाकावर लॅपटॉप उघडून क्लासचं काम करत बसले होते. मन लागेना, म्हणून सहज ते हवामानाचं पान उघडलं. माझा लॅपटॉप म्हणजे – खिडकी बंद केली की सगळा डेटा आपोआप पुसला जातो, अशी सेटिंग. खाली पट्टी आली. सवयीने ‘नाकारा’ दाबलं. पान उघडलं, आणि वर जुन्या गावाचं नाव होतं.

मी विचारलं नव्हतं, टाइप केलं नव्हतं. माझ्याबद्दलची एकही चिठ्ठी त्या मशीनमध्ये नव्हती. तरी ते पान मला ओळखत होतं. तेव्हापासून रोज ओळखतं. ब्राउझर बदलला, लॅपटॉप फॉरमॅट केला, क्लासमधल्या दहा मशीनवर बघितलं. मी बसले की ते गाव, मुलं बसली की बारामती. माझ्याहून हुशार दोघांना दाखवलं, त्यांनाही सांगता आलं नाही. कुणाला काही सुचत असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा, मी मनापासून वाचेन. खरं सांगायचं तर उत्तर शोधणं मी आता सोडलंय.

त्या दिवशी अकरा वाजता मला आत सोडलं. आई नळ्यांमध्ये पडून होती, डोळे मिटलेले, ओठ सुकलेले. मी कानाशी वाकले. तिने आधी मला ओळखलं की नाही कळलं नाही, पण ओठ हलले. गारठा... एवढंच ऐकू आलं.

मी म्हटलं, “न्हाय आई. मी बघितलं आत्ता. तितं बावीस हाय. चांगली ऊब हाय.”

नर्सने वेळ संपल्याची खूण केली. मी हात सोडवायला लागले, तेव्हा आई डोळे न उघडता पुटपुटली,

“मग पांघरून लाथाडलं आसंल तिनं.”