रेड्यांच्या मिरवणुकीतले मामा

हाक मारून बोलावता येणार नाही असा प्राणी देवाने जन्मालाच घातलेला नाही, यावर माझ्या सासऱ्यांचा ठाम विश्वास होता. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामा कोल्हापूरचे, पिढीजात गवळी. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवलेल्या, कवड्यांच्या माळा घातलेल्या म्हशींच्या मिरवणुकीत ते मोटरसायकलवर पुढे असत आणि त्यांची लाडकी चंद्री नुसत्या हाकेवर मागून धावत येई. सासूबाई म्हणायच्या, एवढ्या मायेनं मला कधी हाक मारली असती तर मीही पळत आले असते.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आम्ही नवराबायको जर्मनीत कायझर्सलाउटर्नला संशोधन करत होतो, तेव्हा मामा तीन महिन्यांसाठी आले. आल्या दिवशी दुधाचा घोट घेऊन त्यांनी या गाईला सरकी मिळत नाही असा निकाल दिला. मोज्यांवर कोल्हापुरी चपला चढवून ते फिरायला निघत आणि मागच्या कुरणातल्या घोड्याला हाक देत, "हॅऽऽ ये गं चंद्रे." घोडा नर होता, शिवाय जर्मन होता, तरी थोड्याच दिवसांत तो कुंपणाशी येऊन त्यांची वाट बघू लागला. शेजारच्या आजी जर्मनमध्ये बोलत, मामा कोल्हापुरीत, आणि 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', या एका सामाईक शब्दावर दोघांच्या तासभर गप्पा चालत.

येत नव्हती ती फक्त नात. चार वर्षांच्या सईला मराठी सगळं समजे, पण उत्तर जर्मनमध्ये, तेही माझ्या पाठीमागे लपून. मामांच्या मिशांना ती बुजली होती. आणि मामा तर एवढा समुद्र ओलांडून तिच्यासाठीच आले होते. मी तिला दटावायला लागले की ते मला थांबवत. "येत न्हाई म्हंजी हाक चुकली आपली. जनावराचा दोष नसतोय त्यात." नातीला जनावर म्हटल्याचं मला कधी लागलं नाही, कारण त्यांच्या तोंडी ती बढतीच होती. पण त्यांच्या परतीचा दिवस जवळ येऊ लागला तसा माझा जीव तुटत होता.

अशात जवळच्या अमेरिकन सैनिकांच्या वस्तीपाशी रोडिओ, म्हणजे काउबॉयांचे घोड्याबैलांवरचे खेळ, भरणार असल्याचं कळलं. आधी मिरवणूक, मग खेळ. आमच्यापैकी कुणीच असलं काही पाहिलं नव्हतं. नवऱ्याने 'रोडिओ' म्हटलं, मामांनी 'रेडे' ऐकलं. रेड्यांची मिरवणूक म्हणजे घरचंच कार्य. ते भगवा फेटा बांधून आणि खिशात कुंकवाची पुडी घेऊन तयार झाले. मैदानावर एकही रेडा नव्हता. पण त्यांचा फेटा बघून, हेही खेळातलेच असा समज झालेल्या एका स्वयंसेवकाने त्यांना अदबीने मिरवणुकीत नेऊन उभं केलं. रुंद टोप्यांचे जर्मन काउबॉय, पाठोपाठ बॅंड, आणि मधोमध आमचे मामा, दोन्ही हात जोडून सगळ्यांचे नमस्कार स्वीकारत चाललेले. जाता जाता त्यांनी शेजारच्या घोड्याच्या कपाळाला कुंकू लावलं. त्यावरच्या काउबॉयने टोपी काढून त्यांना मान दिला.

खेळात बैलाने पाठीवरच्या माणसाला झटकून दिलं तेव्हा सगळे ओरडले, मामा मात्र हळहळले. "चिडका न्हाई त्यो. कुनी नावानं बोलवत न्हाई त्येला."

खेळ संपला, गर्दी उठली आणि माझ्या हातातला सईचा हात सुटला. कसा सुटला ते मला आजही सांगता येत नाही. मी आणि नवरा तिच्या नावाने ओरडत सुटलो. पण गर्दीच्या गोंगाटात आमची हाक आम्हालाच ऐकू येईना. तेवढ्यात मामा बाकावर चढले, फेटा काढून हातात घेतला आणि सगळ्या मैदानावरून त्यांचा आवाज गेला.

"हॅऽऽ ये गं चंद्रे."

दोन घोड्यांनी माना वळवल्या. आणि सरबताच्या गाड्यामागून आमची मुलगी खिदळत धावत आली. माझ्याकडे नाही, सरळ त्यांच्याकडे. मामांनी तिला उचललं तशी ती त्यांची मिशी ओढत म्हणाली, "नोख माल." मी अर्थ सांगायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "समजलं मला. आजून एकदा म्हनतीया." मग घरी पोचेपर्यंत ते हाक मारत राहिले आणि ती खांद्यावरूनच 'आले' म्हणत राहिली. त्यांच्याशी बोललेला तिचा तो पहिला मराठी शब्द. आज तिचं मराठी ऐकून लोक माझं कौतुक करतात, तेव्हा मला ओशाळायला होतं. त्या एका हाकेसाठी मी मामांची जन्माची ऋणी आहे.

चार वर्षांनी कोल्हापूरहून फोन आला, मामा गेले. सईला सांगितलं तर ती बाल्कनीत गेली आणि कुरणाकडे तोंड करून तिने तीच हाक दिली, अगदी त्यांच्या हेलात. म्हातारा झालेला तो घोडा कुंपणाशी आला. ती त्याच्या पलीकडे आणखी कुणी येतंय का बघत राहिली. मग वळून मला म्हणाली, "आई, माझी हाक चुकली का गं?"

तिला जवळ घेऊन मी म्हटलं, "नाही बाळा, हाक बरोबर होती."