खो-खोच्या रांगेत ताईला पाय लागला तेव्हा

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात खो-खो खेळणाऱ्या मोठ्या मुली अकराच उरल्या होत्या. सरावाला बारा लागायच्या: आठ रांगेत बसायला, एक पाठलाग करायला आणि तीन पळायला. एक मुलगी पिपरी मेघेला मावशीकडे शिकायला गेली आणि तिच्या जागी मी आले. मी तिसरीत होते. बाकीच्या नववी ते बारावीतल्या.

काकांची मुलगी, आमची मोठी ताई, संघाची कर्णधार होती. तिच्या शब्दावर सरांनी मला घेतलं. मी इतकी लहान होते की मला खो द्यायला त्या मुलींना कमरेतून वाकावं लागे. घाईत कधी थाप डोक्यावर बसे. मला त्याचाही अभिमान वाटायचा.

पळताना बसलेल्या मुलींना पाय लागतोच. पण आमच्या घरी आईची शिस्त कडक. मोठ्या माणसाला पाय लागला की लगेच त्याला हात लावून तो हात कपाळाला न्यायचा. तिसऱ्या दिवशी पाठलाग करताना माझा पाय ताईच्या हातावर पडला. मी थांबले, वाकले, तिला हात लावून तो कपाळाला नेला. ताईला वाटलं खो मिळाला. ती उठून सुसाट सुटली. सरांनी शिट्टी मारली.

"काऊन वं, तू खो देऊन राह्यली का पाया पडून राह्यली?" एकजण ओरडली. सगळ्या हसून लोळल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. त्याच्या पुढच्या दिवशीही. मी ठरवून करत नव्हते, हात आपोआप जायचा. मग मात्र कोणी हसलं नाही. तालुक्याचे सामने आठ दिवसांवर आले होते.

"उद्यापासून सरावाला सातवीतला एखादा पोरगा बसवतो," सर म्हणाले.

मला चपलेचा पट्टा लावता येईना.

"सर, उद्याचा एक दिवस द्या तिले," ताई म्हणाली. "पुन्हा थांबली तर मीच घरी बसवीन."

घरी जाताना मी म्हटलं, "ताई, पाय लागला तर पाप लागते नं?"

ती म्हणाली, "मग असं करजो. खेळाच्या आधीच सगळ्यांच्या पाया पडून घे. मंग शिट्टी होईपर्यंत सारं माफ."

दुसऱ्या दिवशी मी अकराजणींच्या पाया पडले. त्याही गंभीर चेहऱ्याने उभ्या राहिल्या.

"लय मोठी होय," एक म्हणाली, "कमीत कमी माह्या कमरेएवढी तरी!"

"अन् लय शिक, म्हणजे माहा गणिताचा पेपर तूच लिहिशील!"

पुढे आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. त्यांचे आशीर्वाद थट्टेतले होते, पण मी ते तेव्हाही खरे मानले आणि आजही मानते.

खेळ सुरू झाला. दोन वेळा कोणालाच पाय लागला नाही. तिसऱ्यांदा लागला, तोही ताईलाच, चांगला बोटांवर. माझा हात खाली निघाला. ताईने बोटं तोंडात धरली होती, तरी डोळे वटारून ती म्हणाली, "पळ वं!"

मी पळाले. पुढच्या मुलीच्या पाठीवर थाप मारून ‘खो’ म्हटलं, एवढ्या जोरात की ती दचकलीच. चार पावलांत तिने पळणारी मुलगी बाद केली.

 सराव संपल्यावर सर दुसऱ्या दिवशी कोण कुठे बसणार ते सांगू लागले. चौथ्या जागेला त्यांनी माझं नाव घेतलं आणि लगेच पाचव्याकडे वळले, जणू त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.