मंगळवार-शुक्रवारी पडणाऱ्या डिस्क

देवासच्या ज्या इस्पितळात मी संगणक विभाग सांभाळते, तिथे तळमजल्यावर एक थंडगार खोली आहे. तिच्यात तीन सर्व्हर आहेत. तिन्हींमधल्या एसएसडी डिस्क मिळून एकच मोठी साठवण होते आणि नोंदणी, औषधं, एक्स-रे असे आमचे सगळे आभासी संगणक त्यावर चालतात. प्रत्येक फाईलच्या दोन प्रती दोन वेगळ्या सर्व्हरवर असतात, म्हणून एखादी डिस्क गेली तरी वर कुणाला पत्ता लागत नाही. पण तिच्यातल्या फाईलींच्या नव्या प्रती तयार होण्याआधी दुसऱ्या सर्व्हरमधली डिस्क गेली, तर रुग्णांचे स्कॅन कायमचे जाऊ शकतात.

एका वर्षी डिस्क पडायला लागल्या. पडद्यावर लाल खूण यायची आणि डिस्क यादीतून नाहीशी व्हायची. काढून पुन्हा बसवली की काही झालंच नाही अशी चालू लागायची. पहिली डिस्क आम्ही ती बनवणाऱ्या कंपनीकडे पाठवली, तर ती ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत आली.

चौथ्या वेळी मी तारखा कागदावर मांडल्या. दरवेळी मंगळवार नाहीतर शुक्रवार. आणि मंगळवारी-शुक्रवारी धारहून तो यायचा.

तो म्हणजे आमच्या धारच्या शाखेचं हेच काम बघणारा. माझ्याच वयाचा, मराठीच घरातला, पण शाळा हिंदीत झालेली, त्यामुळे बोलताना अर्धं वाक्य हिंदीत जायचं. धारची इंटरनेट लाईन मोठ्या स्कॅनना पुरत नसे, म्हणून तो ते हार्डडिस्कवर भरून इंदूरवरून दोन बस बदलून आणायचा आणि आमच्या साठवणीत चढवायचा. देवासच्या जागेसाठी त्यानेही अर्ज केला होता. जागा मला मिळाली. हा विषय आमच्यात कधी निघाला नाही, पण माझ्या मनातून तो गेलाही नव्हता.

मी कॅमेऱ्याचं चित्रण काढून पाहिलं. दुपारची वेळ. तो एकदा दाराकडे बघतो, मग सर्व्हरच्या मागे हात घालतो आणि बराच वेळ तसाच उभा राहतो. मी तेवढाच तुकडा पाच-सहा वेळा पाहिला. दर वेळी त्याचं दाराकडे बघणं मला जास्तच चोरटं वाटलं.

पुढच्या खेपेला मी आडून विचारलं, "मशीनला हात वगैरे लावता का कधी?"

"मागून गरम हवा येते ना ताई, म्हणून देखून घेतो," तो म्हणाला. "तुम्ही ते ड्रायव्हरचं अपडेट टाकलं, त्याच्या बादच हे चालू झालंय. एक बार पुराना लावून बघायचा का?"

ड्रायव्हर म्हणजे सर्व्हर आणि डिस्क यांच्यात निरोप नेणारा प्रोग्राम. तो मीच नवा टाकला होता. मला वाटलं, बघा, किती सफाईने माझ्यावर ढकलतोय. "मी तपासूनच टाकलाय," एवढंच बोलले.

त्याच संध्याकाळी मी इस्पितळाच्या प्रमुखांकडे, मोठ्या डॉक्टरांकडे गेले.

"पुरावा आहे?" त्यांनी विचारलं.

"तारखा आहेत."

त्याचं खोली उघडायचं कार्ड बंद झालं. हार्डडिस्क फक्त इस्पितळाच्या गाडीबरोबर पाठवावी, असं त्याला कळवण्यात आलं.

पुढच्या मंगळवारी हार्डडिस्क आली. खोलीत मी एकटी होते, दार आतून लावलेलं. स्कॅन चढवायला घेतले आणि वीसेक मिनिटांत लाल खूण आली.

तरीही माझा पहिला संशय त्याच्याच हार्डडिस्कवर गेला. व्हायरस असेल म्हणून ती कसून तपासली. काहीच निघालं नाही. मग पडलेल्या डिस्कमधल्या फाईलींच्या प्रती पुन्हा पूर्ण होईपर्यंत थांबले आणि आमचेच जुने स्कॅन एका जागेवरून दुसऱ्या जागी उतरवायला लावले. त्याची हार्डडिस्क टेबलावर होती. अर्ध्या तासात दुसऱ्या सर्व्हरमधली डिस्क पडली.

तेव्हा कुठे मी लॉग, म्हणजे सर्व्हर स्वतः ठेवतो त्या नोंदी, ओळीनं वाचायला बसले. दर वेळी एकच प्रकार होता. नवा ड्रायव्हर डिस्ककडे एकदम खूप कामं पाठवत होता. डिस्कच्या आतला तिचा स्वतःचा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, जुना होता. भार वाढला की तो काही सेकंद गप्प व्हायचा. उत्तर येत नाही म्हणून क्लस्टर, म्हणजे तिन्ही सर्व्हरची जोडणी, ती डिस्क मेली असं धरून चालायचा. एवढा भार आठवड्यातून दोनदाच पडायचा, धारचे स्कॅन चढताना. अपडेट पहिल्या बिघाडाच्या चार दिवस आधीचं होतं आणि त्या नोंदीपुढे माझं नाव होतं.

एकेका सर्व्हरवरचे आभासी संगणक बाजूला हलवून मी जुना ड्रायव्हर परत बसवला. मुद्दाम भार टाकून पाहिला, एकही डिस्क पडली नाही. मग कंपनीचं नवं फर्मवेअर एकेका डिस्कला दिलं. त्यात आठवडा गेला. मोठे डॉक्टर म्हणाले, "सापडलं ना, झालं तर मग." त्याच्याबद्दल त्यांनी अवाक्षरही काढलं नाही. मीच सांगायला हवं होतं. त्या दिवशी माझ्याच्यानेही झालं नाही.

शुक्रवारी मी धारला गेले. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. मी सगळं सांगितलं. डॉक्टरांकडे मीच गेले होते, हेसुद्धा.

"मालूम होतं ताई," तो म्हणाला. "कार्ड बंद झालं तेव्हाच समजलं."

त्याने मोबाईल माझ्यापुढे केला. दर खेपेचे पडद्याचे फोटो होते, वेळेसकट, आणि माझ्या अपडेटच्या नोंदीचाही एक.

"मला वाटलं, चूक तुम्हाला ठाऊक आहे आणि नाव माझं पुढे करायचंय. म्हणून ठेवत गेलो."

"मला खरंच ठाऊक नव्हतं," मी म्हणाले.

"असेल," तो म्हणाला आणि मोबाईल खिशात टाकला.

परत आल्यावर मी डॉक्टरांना त्याच्या नावासकट लेखी कळवलं. कार्ड चालू झालं, तरी दोन महिने त्याने हार्डडिस्क गाडीनेच पाठवली. आता तो येतो. कुठलंही अपडेट टाकण्याआधी मी त्याला फोन करते. तो ऐकून घेतो, दोन-तीन नेमके प्रश्न विचारतो आणि शेवटी म्हणतो, "मेल पण करून द्या ताई, रेकॉर्डला राहील."