हौदातले चाळीस मासे

मला मोजायची खोड लहानपणापासूनची. पायऱ्या मोजायच्या, पंगतीतली माणसं मोजायची, कुणी विचारो न विचारो. आई म्हणायची, ही पोरगी लग्नात नवरदेव सोडून वऱ्हाड मोजत बसेल.

आमचं घर हर्सूलच्या अलीकडं, तेव्हा नव्यानं उठलेल्या वसाहतीत. आम्ही राहायला गेलो तेव्हा गल्लीत नऊ घरं होती. मी नववीत जाईपर्यंत ती मलासुद्धा मोजता येईनात. नळाची लाइन मात्र तीच राहिली. पाणी आधी दिवसाआड यायचं, मग चौथ्या दिवशी, आणि त्या दुष्काळाच्या साली आठवड्यातून एकदा.

अंगणात सिमेंटचा हौद होता. प्यायचं पाणी वेगळं, बाकी सगळं या हौदावर. डास होऊ नयेत म्हणून महापालिकेच्या माणसानं त्यात डझनभर गप्पी मासे सोडले आणि मला कायमचा उद्योग लावून दिला. रोज शाळेतून आले की झाकण सरकवून मोजायचं. बघता बघता ते चाळीसच्या घरात गेले आणि तिथंच थांबले. पिल्लं तर सारखी दिसत होती. मग जात कुठं होती?

माझा संशय आईवर. आमच्याकडं नळ आला की हौदात उरलेलं पाणी शिळं म्हणून ओतून द्यायची रीत होती. पिल्लं त्याच बादल्यांतून जात असणार.

त्याच दुष्काळाच्या उन्हाळ्यात फुलंब्रीकडची, आमच्या थोरल्या काकांची विहीर आटली. काका बैल घेऊन चारा छावणीत गेले, आणि काकी दोन पोरींना घेऊन आमच्याकडं आली. गावात टँकरचं गढूळ पाणी. धाकटी नुकतीच काविळीतून उठलेली. पाऊस पडेपर्यंत तिला चांगलं पाणी मिळावं, एवढ्यासाठी काकी पाहुणी म्हणून राहायला तयार झाली होती. एरवी ती कुणाच्या दारात रेंगाळणारी बाई नव्हती.

पहिल्याच नळाच्या दिवशी आईनं शिळ्या पाण्याची बादली उचलली, तर काकीनं तिचा हात धरला.

"पाणी कवा शिळं होतंय व्हय? आमच्या हिरीतलं काय रोज बदलीत होतो का आम्ही?"

आई ओशाळली. ती रीत आमच्या घरातून त्या दिवशी गेली. मला तर आनंदच झाला. आता मासे वाढणार. काकीलाही नाद लागला. दुपारी आम्ही दोघी हौदावर वाकून मोजायचो. चार आठवडे गेले. चाळीसच. मी दहा मासे काढून शेजारच्या हौदात सोडले, तर महिन्याभरात आमच्याकडं पुन्हा चाळीस. मी चक्रावून गेले. मग एकदा माझ्या डोळ्यांदेखत एका मोठ्या माशानं पिल्लू गिळलं.

शाळा उघडली तरी पाऊस नव्हता. शाळेत जीवशास्त्राच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "खायला जेवढं आणि लपायला जेवढी जागा, तेवढेच जगतात. किती राहायचं ते मासे ठरवत नाहीत, हौद ठरवतो."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. एवढं मोठं कोडं सुटलं, ते घरी कधी सांगते असं झालं.

घरात तेव्हा सहा माणसं. पाणी पाचव्या दिवशीच तळाला जायचं. एका बादलीत आम्ही तिघी पोरी आंघोळी उरकत होतो, आणि काकी अंग पुसून घ्यायची. हे सगळं मला दिसत होतं. तरी संध्याकाळी जेवताना मी सुरू झाले, "कळलं मला! हौदाला झेपतील त्यापेक्षा जास्त झाले की मोठे मासे लहानांना खातात. किती जणांनी राहायचं ते हौदच ठरवतो."

बाबा म्हणाले, "गप जेव."

काकीनं धाकटीच्या ताटात भाकरी मोडली आणि म्हणाली, "बरोबर हाय की पोरीचं."

सकाळी तिनं पिशव्या भरल्या. आई म्हणाली, "ताई, पोरीचं काय मनावर घेता? राहा."

"नाय गं. पोरगी माशांचं बोलली. मला ठावं हाय."

"राहा हो ताई."

आमच्याकडं आग्रह तीनदा करतात. पहिल्या दोन वेळा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा ऐकायचं, हे पाहुण्यालाही माहीत असतं. काकी पिशवीला गाठ मारत थांबली. पहिली मारून झाली, मग तिच्यावर दुसरी मारली. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती तिसऱ्यांदा म्हणाली नाही.

बाबा तिघींना बसमध्ये बसवून आले. धाकटीनं खिडकीतून हात केला म्हणे.

दुसऱ्या दिवशी मला आंघोळीला अख्खी बादली मिळाली. डोक्यावरून पाणी घेताना मला धाकटीची आठवण आली, हे खरं. पण त्याआधी बरं वाटलं, हेही खरं.